मालक आणि राखणदार

गेल्या महिन्यात ग्लासगोहून भाच्याचा फोन आला. चार दिवसांची सुट्टी काढून तो बायको-मुलीला घेऊन स्कॉटलंडच्या वायव्येला भटकून आला होता. "मामा, फोटो पाठवलेत ते बघ आधी, मग बोलू," म्हणाला. बघितले. पाण्यात एक छोटंसं बेट, त्यावर करड्या दगडांची गढी, तिच्याकडे जाणारा कमानींचा पूल आणि मागे धुक्यातले डोंगर. कॅलेंडरवर असतं तसं चित्र. मी आपलं "छान आहे रे" म्हटलं. तर तो म्हणतो, "छान काय, दोनशे वर्षं तिथे नुसता दगडांचा ढिगारा होता. एका माणसाने मनावर घेतलं आणि वीस वर्षांत पुन्हा उभी केली. मग आपल्या वाड्याचं का नाही होऊ शकत?"

मी म्हटलं, "बघू."

आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. त्याने विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. एक म्हणजे ती गढी. आणि दुसरी म्हणजे त्याने वापरलेला "आपल्या" हा शब्द. त्या शब्दापाशी शेवटी येतो. आधी गढी.

तिचं नाव आयलन डोनन. तीन खाड्या जिथे एकत्र येतात तिथल्या बेटावर तेराव्या शतकात पहिल्यांदा तटबंदी झाली. पुढे ती मॅकेन्झी घराण्याकडे आली. पण मॅकेन्झी मालक असले तरी गढीची किल्लेदारी बरीच वर्षं मॅक्रे नावाच्या दुसऱ्या घराण्याकडे असायची. मॅक्रे म्हणजे मॅकेन्झींचे अंगरक्षकच. त्यांना "मॅकेन्झींचं चिलखत" म्हणत. १७१९ साली पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या बाजूने जे बंड झालं, त्यात मॅकेन्झींचा प्रमुख बंडखोरांच्या बाजूने होता. स्पेनने मदत म्हणून थोडे सैनिक पाठवले होते, त्यातले चाळीस-पन्नास या गढीत दारूगोळा राखत बसले होते. मे महिन्यात सरकारी आरमाराची तीन जहाजं खाडीत शिरली आणि त्यांनी तोफा डागल्या. गढी घेतल्यावर आतल्याच दारूची पिंपं वापरून ती उडवून दिली. (याच १७१९ साली आमचे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परत आले. तारखा अशा शेजारी-शेजारी ठेवल्या की जग एकदम लहान वाटायला लागतं.)

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं तिथे फक्त पडक्या भिंती. १९११ साली जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ते बेट विकत घेतलं. काम पुरं व्हायला १९३२ साल उजाडलं. मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं. बांधकामावर जो मुख्य गवंडी होता तोही मॅक्रेच, फारकर मॅक्रे. त्याला ही गढी मूळच्या रूपात स्वप्नात दिसली होती आणि नंतर सापडलेल्या जुन्या नकाशाशी ते स्वप्न जुळलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण अशा गोष्टी नसतील तर वीस वर्षं दगड घडवत बसायला माणसाला बळ कुठून येणार?

मला यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. गढी परत बांधली ती मालकांच्या वंशजांनी नाही. ती बांधली राखणदारांच्या वंशजांनी.

हे वाचत असताना मला सारखं आठवत होतं ते मालेगाव.

नाशिककरांना नारोशंकराचं देऊळ वेगळं सांगायला नको. पंचवटीत, गोदावरीच्या काठावर, रामकुंडाजवळ. खरं नाव रामेश्वर मंदिर, पण महादेवापेक्षा बांधणाऱ्याचंच नाव मोठं झालं. १७४७ साली ते बांधलं असं सांगतात. भोवती तट, तटाच्या कोपऱ्यांवर छत्र्या, आणि दारावर ती प्रसिद्ध घंटा. घंटा पोर्तुगीज बनावटीची, तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या लुटीतली ही घंटा अशी परंपरा आहे. आमच्या लहानपणी पूर आला की दोन खुणा बघायच्या: दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का. आमची आजी १९६९ च्या पुराची गोष्ट सांगायला लागली की घंटेपाशी येऊन थांबायची. त्यापुढे सांगायची गरजच नसायची.

पण हा नारोशंकर कोण, हे मी चाळिशी उलटेपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं. देवळाचं नाव म्हणजे देवळाचं नाव. त्यामागे माणूस असेल असं कुठे वाटतं?

तर माणूस होता, आणि जबरदस्त होता. मूळ आडनाव दाणी. राजेबहाद्दर हा किताब. १७४२ साली पेशव्यांनी त्यांना झाशीचा सुभेदार नेमलं. झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते, ते बरोबरच आहे. पण ज्या किल्ल्यात ती लढली तो ओरछाच्या वीरसिंहाने १६१३ साली बांधायला घेतला आणि नारोशंकरांनी आपल्या पंधरा वर्षांच्या सुभेदारीत वाढवला. त्यांनी वाढवलेल्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात. १७५७ साली पेशव्यांनी त्यांना परत बोलावलं. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली तेव्हा शहर सांभाळायला मागे ठेवलं ते याच नारोशंकरांना. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे व्हायचं ते झालं, आणि बातमी येताच नारोशंकर आपली माणसं घेऊन दिल्लीतून बाहेर पडले.

म्हणजे झाशीचा किल्ला वाढवणारा, दिल्ली राखणारा आणि नाशिकला देऊळ बांधणारा माणूस एकच. आणि याच माणसाने मोसम नदीच्या काठी, ती गिरणेला मिळते त्याच्या अलीकडे, स्वतःच्या घराण्यासाठी एक भुईकोट बांधला. तोच मालेगावचा किल्ला. काम १७४० च्या सुमारास सुरू झालं आणि पुष्कळ वर्षं चाललं. चौकोनी किल्ला, कोपऱ्यांना गोल बुरूज, तटाच्या बाहेर आणखी एक तट, भोवती खंदक. डोंगराचा आसरा नाही, जे काय बळ ते दगडाचं आणि पाण्याचं.

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाबरोबर मुद्दाम तिथे गेलो होतो. नाशिकहून आग्रा रोडने शंभरेक किलोमीटर. वाटेत चांदवडला होळकरांचा रंगमहाल लागतो, तोही बघण्यासारखा, पण त्यावर पुन्हा कधीतरी. मालेगावात शिरलं की आधी कानावर येतो तो मागांचा आवाज. एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून, बनारस-मऊकडून, विणकर कुटुंबं इथे येऊन स्थायिक झाली, त्यांच्या हातमागांचे पुढे यंत्रमाग झाले. त्या खडखडाटातून, हातगाड्यांतून वाट काढत आपण एका वळणावर येतो आणि समोर एकदम बुरूज. मी गाडीतून उतरून नुसता बघत राहिलो. इतका मोठा असेल असं वाटलंच नव्हतं.

तटाच्या सांध्यांमधून पिंपळ उगवलेत. खंदकाला लागून घरं आहेत. कुठे चिरे निखळलेत, कुठे पलीकडच्या घराचे कपडे तटावर वाळत घातलेत. आणि किल्ल्याच्या आत शाळा भरते! आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती. शंभर-दोनशे पोरं आरडाओरडा करत धावत होती. चुलतभाऊ म्हणाला, "काय हाल केलेत रे किल्ल्याचे." मीही हो म्हणालो. आता वाटतं, आम्ही दोघं चुकलो. त्याबद्दल पुढे लिहितो.

किल्ल्याचा इतिहासातला मोठा दिवस आला तो बांधणाऱ्यानंतर दोन पिढ्यांनी. १८१८ साल. पेशवाई कोसळत होती. कर्नल मॅकडोवेलच्या हाताखालच्या इंग्रज फौजेने एप्रिलमध्ये त्र्यंबकगड घेतला आणि नाशिक परिसरातले किल्ले एकामागून एक, बरेचसे लढाईशिवायच, खाली आले. ज्या सह्याद्रीच्या किल्ल्यांवर सगळी भिस्त, ते पत्त्यांसारखे पडले. मालेगावला मात्र घोडं अडलं. किल्ल्यात अरब शिबंदी होती. त्या काळात खानदेशात असे पगारी अरब शिपाई जागोजागी होते आणि पुष्कळ ठिकाणी ते मालकांनाच डोईजड झाले होते. किल्ला नावाला राजेबहाद्दरांचा, पण दरवाज्याच्या किल्ल्या शिबंदीच्या हातात.

मेच्या मध्याला वेढा पडला. २९ मे रोजी इंग्रजांनी तटाला पाडलेल्या खिंडारातून हल्ला केला, तो सपशेल फसला. त्यांचा इंजिनिअर अधिकारी खिंडाराच्या माथ्यावरच पडला. मग अहमदनगरहून आणखी तोफा मागवाव्या लागल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोफगोळ्याने किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं आणि तेव्हा कुठे शिबंदीने हत्यारं खाली ठेवली. इंग्रजांची दोनशेच्या वर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली.

आता तारीख बघा. दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली ती ३ जून १८१८ ला. म्हणजे पेशवाई संपल्यावरही आठवडाभर मालेगावचा किल्ला लढत होता. मालकाचा मालक शरण गेला, पण राखणदार लढत होते. त्यांची निष्ठा नेमकी कुणावर होती, पगाराच्या बाकीवर की आपल्या शब्दावर, हे आज सांगता येणार नाही. पण आयलन डोननला स्पॅनिश आणि मालेगावला अरब, दोन्हीकडे परकी माणसं दुसऱ्याच्या घरासाठी तोफांपुढे उभी राहिली आणि दोन्ही ठिकाणी घर फुटलं ते घरातल्याच दारूने, हे वाचून मला कसंसंच झालं. आणि योगायोग असा, की १८१८ साली हा सगळा मुलूख ज्याच्या हाती आला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिशच, बालपण एडिंबरोच्या किल्ल्यात काढलेला. त्याचे वडील त्या किल्ल्याचे अधिकारी होते.

असो. मुद्दा असा, की नारोशंकरांनी दोन मोठ्या वास्तू जवळजवळ एकाच काळात उभ्या केल्या. देऊळ दर पावसाळ्यात पाण्यात उभं असतं. २००८ चा पूर, २०१६ च्या ऑगस्टचा पूर, सगळं सोसून ते जागेवर आहे. पूर ओसरला की कुणीतरी गाळ काढतं, कुणीतरी दिवा लावतं. किल्ल्याच्या वाट्याला मात्र पिंपळ.

याचं एक कारण मला भाषेतच सापडलं. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. किती सुंदर शब्द! जे जीर्ण झालं त्याचा उद्धार. पण आपण तो फक्त देवळाला लावतो. वाड्याचा, गढीचा जीर्णोद्धार केला असं कुणी म्हणतं का? वाड्याची डागडुजी होते. नाहीतर वाडा "डेव्हलपमेंटला" जातो. देवळासाठी पावती फाडली की अकरा रुपयांपासून अकरा हजारांपर्यंत कुणीही देतो, कारण देऊळ सगळ्यांचं. वाडा कुणाचा? तर ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांचा. आणि तिथेच सगळं अडतं.

स्कॉटलंडमध्ये घराणी शतकानुशतकं एका गढीत टिकली त्यामागे प्रेम, परंपरा हे सगळं असेलच, पण खरं कारण कायद्याचं आहे. तिथे मृत्युपत्र नसेल तर जमीन आणि वास्तू थोरल्या मुलाकडे अख्खी जायची. धाकट्यांनी सैन्यात जावं, व्यापार करावा, हिंदुस्थानात यावं (आणि ते आलेच!). हा नियम तिथे १९६४ च्या वारसा कायद्यापर्यंत होता. गढी अखंड राहिली ती धाकट्यांच्या आणि मुलींच्या वाट्याच्या जिवावर. विसाव्या शतकात जेव्हा वारसाकराचा बोजा वाढला तेव्हा थोरल्यांनाही ती झेपेना, आणि मग १९३१ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडसारख्या संस्थेकडे अनेक गढ्या गेल्या.

आपल्याकडे उलट. आपल्याकडे सगळ्यांना वाटा. मला हे जास्त न्याय्य वाटतं, त्यात बदल व्हावा असं मुळीच वाटत नाही. पण त्याची किंमत वाड्याने मोजली. प्रत्येक पिढीला नावं वाढत गेली. आमच्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर आज तेवीस नावं आहेत. त्यातल्या चौघांना मी कधी पाहिलेलं नाही. तेवीस जणांचं घर म्हणजे कुणाचंच नाही. विटेला वीट लावायची तर तेवीस सह्या हव्यात. त्यातून भाडेकरू. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. नवीन कायदा २००० साली लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली. बारा रुपयांवर चार टक्के किती होतात ते तुम्हीच काढा. भाडेकरूंवर माझा राग नाही. आमच्या माडीवरचे काका-काकू आम्हाला सख्ख्यांसारखे होते. पण बारा रुपयांत कौलं परतणंसुद्धा होत नाही, हेही खरं.

तरी अगदीच होत नाही असं नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तो आजही त्यांच्या वंशजांकडे आहे आणि नांदता नसला तरी जपलेला आहे. सहा चौकांचा वाडा, भिंतींवर चित्रं, मागच्या बाजूला कृष्णेचा घाट. 'स्वदेस' सिनेमातलं गाव म्हणजे तेच. सिनेमावाल्यांचं भाडं वाड्याच्या उपयोगी पडतं. आणि गंमत म्हणजे तिथल्या घाटावरच्या देवळातही वसईची म्हणून सांगतात ती पोर्तुगीज घंटा आहे. दोन घंटा, दोन गावं. एका घरच्यांनी वाडा धरून ठेवला, दुसऱ्या घराचा किल्ला गावाचा झाला.

आता आमच्या वाड्याबद्दल. नातेवाईक मंडळी हे वाचतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सराफ बाजाराच्या मागच्या बोळातला आमचा वाडा म्हणजे काही राजेबहाद्दरांचा किल्ला नाही. दोन चौक, एक माडी, दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या भिंती, सागाचे खांब, वर कडीपाट. दिंडी दरवाज्याच्या आत भिंतीवर पुराची रेघ आहे, आजोबांनी खिळ्याने ओढलेली. माजघराच्या भिंतीत बळद आहे, लपंडावात त्यात लपून मी एकदा झोपून गेलो होतो आणि अर्धा सराफ बाजार मला शोधत फिरला होता.

१९९४ साली आम्हीच, म्हणजे मी आणि माझ्या दोन भावांनी, पैसे गोळा करून पुढची भिंत सिमेंटने गिलावा करून घेतली. चांगली टणक, गुळगुळीत झाली. आई म्हणाली, "भिंत गुदमरली रे." आम्ही हसलो. वीस वर्षांनी कळलं की आई बरोबर होती. मातीची आणि चुन्याची भिंत ओल आत घेते आणि परत बाहेर टाकते. सिमेंट ती बाहेर येऊ देत नाही. ओल आतच राहते, क्षार फुगतात, आणि तुळईचं जे टोक भिंतीत असतं ते आतल्या आत कुजतं. बाहेरून भिंत झकास. परवा सुताराने तुळईच्या टोकात पेचकस घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला.

हीच चूक स्कॉटलंडमध्येही पुष्कळ ठिकाणी झाली. विसाव्या शतकात जुन्या गढ्यांना सिमेंट फासलं आणि मग ते खरवडून पुन्हा चुना लावायची पाळी आली. चुन्याचं विसरलेलं काम गवंड्यांना शिकवायला त्यांनी १९९४ साली एक संस्थाच काढली. आम्ही सिमेंट लावत होतो तेच वर्ष! स्टर्लिंगच्या किल्ल्यातल्या मोठ्या दिवाणखान्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथे लष्कराने मजले आणि भिंती घालून बराकी केल्या होत्या. लष्कर १९६४ ला गेलं. मग पस्तीसेक वर्षं काम करून तो मूळ रूपात आणला आणि १९९९ साली बाहेरून पिवळसर सोनेरी चुना दिला. तो मुळात तसाच होता म्हणून. लोक खवळले, की हा कसला रंग! आमचा करडा किल्ला कुठे गेला? माणसाला मूळ रूप नको असतं, आठवणीतलं रूप हवं असतं.

आयलन डोननवरही ही टीका होते, की आज दिसते ती गढी जुनी नाही, विसाव्या शतकातल्या माणसाच्या मनातली जुनी गढी आहे. जाणकार म्हणतात, पडकी वास्तू पडकी जपावी, नवी करू नये. मला पटतं ते. पण तो गवंडी मॅक्रे वीस वर्षं तिथे दगड बसवत होता, त्याला हे सांगायचा धीर मला होणार नाही.

आणि म्हणूनच मालेगावच्या शाळेबद्दल माझं मत बदललं. किल्ला बांधणाऱ्याचे वारस आज त्यात राहत नाहीत. राहणं शक्यही नाही. पण रोज सकाळी घंटा वाजते आणि त्या दरवाज्यातून पोरं आत येतात. त्यांच्यासाठी तो "आपला किल्ला" आहे. त्यातल्या एखादीला उद्या वाटलं, की या बुरुजावरचा पिंपळ काढला पाहिजे, तर ती नारोशंकरांची कुणी लागत नसली तरी तिचा हक्क मोठा आहे. आम्ही "हाल" म्हणालो, ते चुकलं. हाल पिंपळाने केलेत, पोरांनी नाही. पोरं आहेत म्हणून किल्ला निदान कुणाच्या तरी रोजच्या वाटेवर आहे.

आता तो शब्द. "आपल्या वाड्याचं."

भाच्याचं नाव त्या तेवीस जणांत नाही. त्याच्या आईचंही नाही. माझी धाकटी बहीण. १९८८ साली वडील गेल्यानंतर तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कागद घेऊन तिच्या सासरी मीच गेलो होतो. तेव्हा असंच करत, बहिणी "भावांचं असू दे" म्हणून सही करत आणि भाऊ साडी-चोळी करत. तिने कागद वाचलाही नाही. सही केली आणि म्हणाली, "दादा, माझं माहेर तेवढं ठेव." चहा केला. मी साडी दिली. १९९४ ला महाराष्ट्रात आणि २००५ ला देशभर कायद्याने मुलींना वडिलोपार्जित घरात मुलांइतकाच हक्क मिळाला, पण आमच्या घरी तोवर सही होऊन गेली होती.

ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. वाड्यासाठी फोन करतो तो तिचा मुलगा. ज्यांची नावं आहेत त्यांच्यातले बरेचसे, मी धरून, बिल्डर किती देतो एवढंच विचारतात. मॅकेन्झींची गढी मॅक्रेंनी बांधली हे तो मला सांगत होता तेव्हा त्याच्या मनात काही नसेल. पण मला ते लागलं.

दिवाळीत सगळे जमणार आहोत. वाडा द्यायचा की ठेवायचा हे तेव्हा ठरेल. ठेवायचा ठरला तर पैसे कुठून आणायचे, आयलन डोननला आहे तसा एखादा छोटा ट्रस्ट करायचा की आणखी काही, हे मला आज माहीत नाही. अख्खा वाडा वाचेल असंही मी म्हणत नाही. मागचा चौक बहुतेक गेल्यातच जमा आहे. पण पुढचा चौक, दिंडी दरवाजा आणि ती पुराची रेघ वाचू शकते, असं सुताराचं म्हणणं आहे. त्यासाठी आधी आम्हीच लावलेलं सिमेंट आम्हालाच खरवडायला लागेल.

माझ्याकडून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, बैठकीत भाच्यालाही बोलवायचं. फोनवर असेल तर फोनवर. त्याचं नाव कागदावर आणता येतं का, ते वकिलांना विचारलं आहे. दुसरी, ज्यांच्याकडे वाड्याचे जुने फोटो असतील, मुंजीतले, लग्नातले, चौकात पंगत बसलेली, खांब दिसतो, कोनाडा दिसतो, कसेही असोत, ते कृपया पाठवा. काय होतं ते कळल्याशिवाय काय वाचवायचं ते कळणार नाही.

काल रात्री भाच्याला फोन केला. तारीख सांगितली. तो म्हणाला, "मामा, या वेळी 'बघू' नाही ना?"

नाही म्हटलं.